ऋतू बदलताना घराची साफसफाई: आधी ओल शोधा, मग बादली भरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ऋतू बदलला की दरवर्षी सगळं घर उपसता, आठवडाभर राबता, आणि तरीही दोन-तीन महिन्यांत कपाटामागच्या भिंतीवर बुरशी परत येते, पावसात स्लायडिंग खिडकीतून पाणी आत येतं, नळांवर पांढरे डाग बसतात. कामाचा क्रम कसा लावावा, कुठे कोणतं द्रव्य वापरावं आणि यातलं काय वगळलं तरी चालेल, असं तुम्ही विचारलं आहे. घरांच्या देखभालीच्या कामात मी बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही कष्टात कुठेच कमी पडत नाही. पण तुम्ही सांगितलेले तिन्ही त्रास पाण्याचे आहेत, आणि पाणी कुठून येतं ते शोधल्याशिवाय कितीही पुसलं तरी डाग परत येणारच. धुळीने घर खराब दिसतं, पण नुकसान होतं ते ओलीने. भिंतीचे पोपडे, फुगलेलं प्लायवूड, गंजलेली ग्रिल, वाळवी, कपड्यांना येणारा कुबट वास, यांच्या मुळाशी बहुतेक वेळा ओलच सापडते. त्यामुळे मोसमी साफसफाईकडे मी आधी पाहणी म्हणून बघते. वर्षातून एक-दोनदाच कपाट भिंतीपासून सरकतं, पलंगाखाली कोणी वाकतं, माळ्यावरचं सामान खाली येतं. त्या दिवशी त्या जागा नीट पाहिल्या नाहीत, तर पुढच्या खेपेपर्यंत त्या कोणाच्याच नजरेस पडत नाहीत.

म्हणून पहिल्या दिवशी बादली भरूच नका. टॉर्च, पेन्सिल आणि वही घेऊन घरभर फिरा. टॉर्च भिंतीसमोर सरळ न धरता भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका मारा. असा प्रकाश टाकला की फुगलेला रंग, सुटलेलं प्लास्टर, बारीक भेगा यांची सावली पडते आणि दिवसा न दिसणाऱ्या गोष्टी लगेच दिसतात. ओलीचा डाग दिसला की त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा आणि बाजूला तारीख लिहा. महिन्याभराने डाग रेघेच्या बाहेर गेलेला असेल तर पाणी अजून येतंय. आतच असेल तर तो जुना डाग आहे आणि रंग लावून मिटेल. ही रेघ पुढे गवंड्याशी किंवा प्लंबरशी बोलतानाही फार उपयोगी पडते, कारण ‘जरा वाढल्यासारखं वाटतंय’ यावर कोणी काम सुरू करत नाही.

आता तुमच्या भिंतीचं बघू. ओल तीन प्रकारची असते आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. उपाय चुकीच्या ओलीवर केला की पैसेही जातात आणि ओलही तशीच राहते.

पहिली गळतीची ओल. पाईप, गच्ची, बाहेरची भेग किंवा पलीकडचं बाथरूम इथून ती येते. हिचा डाग एका जागेभोवती पसरतो, कड बहुधा पिवळट-तपकिरी असते आणि पाऊस किंवा पाण्याचा वापर यांच्याबरोबर तो वाढतो. दुसरी जमिनीतून भिंतीत चढणारी ओल. ती तळमजल्यावरच असते, जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत, आणि तिच्या वरच्या कडेला पांढरे क्षार फुललेले दिसतात. तिसरी हवेतली वाफ थंड भिंतीवर जमून होणारी ओल. ही कोपऱ्यात, कपाटामागे, पडद्यामागे, म्हणजे जिथे हवा खेळत नाही तिथे धरते, आणि हिच्यात कडेचा डाग नसतो. काळे-हिरवे ठिपके असतात.

नुसतं बघून कळत नसेल तर एक सोपी चाचणी करा. भिंतीचा तो भाग पुसून कोरडा करा. हातभर लांब-रुंद अॅल्युमिनियम फॉइलचा किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा तिथे ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा आणि दोन दिवस हात लावू नका. मग आधी खोलीकडच्या बाजूवरून बोट फिरवा. ती ओली असेल तर हवेतली वाफ तिथे जमतेय. बाहेरची बाजू कोरडी आणि पट्टी काढल्यावर आतली बाजू दमट असेल तर ओल भिंतीतूनच येतेय. तुम्ही लिहिलंय त्यावरून, म्हणजे कपाटामागे, ठिपक्यांची, रंग लावूनही परत येणारी, ही तिसऱ्या प्रकारची असावी असं मला वाटतं. पण चाचणी केल्याशिवाय रंगाऱ्याला बोलावू नका.

वाफेची ओल निघाली तर उपाय स्वस्त आहे, फक्त सवय बदलावी लागते. कपाट भिंतीपासून निदान चार बोटं पुढे ओढून कायमचं तिथेच ठेवा, म्हणजे मागून हवा जाईल. शक्य असेल तर बाहेरच्या भिंतीऐवजी आतल्या भिंतीला लावा. आतली भिंत तेवढी थंड होत नाही. स्वयंपाक आणि आंघोळ करताना एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा आणि नंतरही पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या. घरात कपडे वाळत घालत असाल तर त्या खोलीचं दार बंद आणि खिडकी उघडी ठेवा, नाहीतर कपड्यातलं पाणी रात्रभर घरभर फिरून शेवटी त्याच थंड भिंतीवर बसतं. एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र, घ्या. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे. ३० ते ५० टक्के उत्तम. धुळीतले माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडेसुद्धा दमट हवेतच वाढतात, त्यामुळे घरात कोणाला शिंका-दम्याचा त्रास असेल तर हा आकडा आणखी महत्त्वाचा.

बरेच जण पावसाळी दिवसांत ‘हवा खेळू दे’ म्हणून दिवसभर खिडक्या उघड्या ठेवतात. बाहेरची हवा घरातल्यापेक्षा दमट असेल तर त्याने ओल वाढते. अशा दिवसांत दुपारी थोडा वेळ, हवा त्यातल्या त्यात कोरडी असताना, समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि मग बंद करा.

जमिनीतून चढणारी ओल असेल तर आतून वॉटरप्रूफ रंग लावू नका. पाणी आत अडकतं, भिंतीत आणखी वर चढतं आणि रंग पापुद्र्यांसकट सुटतो. आधी बाहेर जाऊन बघा: भिंतीला लागून मातीचा भर घातलाय का, फुलझाडांचा वाफा आहे का, फरशीचा उतार भिंतीकडे आहे का. हे दूर केल्यावर भिंत वाळायला महिने लागतात. तेवढी वाट पाहूनच प्लास्टर करायचं.

गळतीच्या शोधात दोन गोष्टी तुम्ही स्वतः करू शकता. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तासांनी परत बघा. आकडा सरकला असेल तर पाणी कुठेतरी जातंय. दुसरं, फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीतला वॉशर गेलाय. आवाज न करता दिवसभर पाणी वाहून नेणारी ही गळती फार घरांत असते आणि तिचा वॉशर बदलणं हे अगदी लहान काम आहे.

बुरशी काढताना कोरड्या ब्रशने खरवडू नका. तिचे कण हवेत उडतात आणि फुप्फुसात जातात. एन-९५ मास्क, हातमोजे, चश्मा घाला, खोलीचं दार बंद आणि खिडकी उघडी ठेवा, पंखा बंद. आधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारून बुरशी ओली करा, मग फडक्याने पुसा, फडकं वारंवार बदला, शेवटी भिंत पूर्ण वाळू द्या. बुरशी नुसती मारून उपयोग नसतो. मेलेली बुरशीसुद्धा अॅलर्जी उठवते, म्हणून ती पुसून काढणं महत्त्वाचं. फरशी, काच, टाईल्स अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागांवर हे पुरतं. गादी, जिप्सम बोर्ड, भुश्श्याचं पार्टिकल बोर्ड यांच्यात बुरशी खोल गेली असेल तर ते फेकून देणंच बरं. अमेरिकेतल्या ईपीए या पर्यावरण संस्थेच्या मार्गदर्शनात साधारण दहा चौरस फुटांपर्यंतची बुरशी घरच्या घरी काढण्याजोगी मानली आहे. त्याहून मोठी असेल तर जाणकाराला बोलवा. आणि बुरशीवरून रंग मारू नका. रंग तिला थांबवत नाही, थोडे दिवस झाकतो एवढंच. भिजलेल्या वस्तूवर बुरशी एक-दोन दिवसांतच धरू लागते, त्यामुळे पाणी सांडलं, गादी भिजली, तर ‘रविवारी वाळवू’ म्हणून चालत नाही.

आता खिडकी. स्लायडिंग खिडकीतून पाणी येतं म्हटलं की लोक काचेभोवती सिलिकॉन भरतात, आणि माझ्या अनुभवात पुष्कळदा तिथेच पाणी अडून बसतं. खिडकीच्या खालच्या पट्टीत, म्हणजे ज्या खाचेत काच सरकते तिथे, पाऊस पडला की थोडं पाणी जाणारच; ती तशीच बनवलेली असते. ते पाणी बाहेर जावं म्हणून चौकटीच्या बाहेरच्या बाजूला तळाशी बारीक आयताकृती भोकं ठेवलेली असतात. धूळ, पाखरांची पिसं, मेलेल्या माश्या आणि जुन्या रंगाचे थर यांनी ती बुजतात. कधी रंगारी त्यांच्यावरून रंग मारतो, कधी कोणी ‘इथूनच पाणी येतं’ असं समजून त्यांच्यातच सिलिकॉन भरतं. मग खाच भरते आणि पाणी आतल्या कडेवरून घरात सांडतं.

तेव्हा असं करा. पट्टीतली माती आधी कोरडीच काढा, जुन्या टूथब्रशने सैल करून व्हॅक्यूमने ओढून घ्या. सुरुवातीलाच पाणी ओतलं तर त्याचा चिखल होऊन तो भोकांत जाऊन बसतो. मग प्लास्टिकची केबल टाय किंवा बारीक काडी भोकातून आतबाहेर करा. शेवटी पट्टीत ग्लासभर पाणी हळूहळू ओता आणि बघत राहा. पाणी काही सेकंदांत बाहेर निघून गेलं पाहिजे. साचून राहिलं तर अजून कुठेतरी बूच आहे. एवढं करूनही पाणी आलंच तर मग चौकट आणि भिंत यांच्यामधल्या बाहेरच्या सांध्याकडे बघा. तिथलं जुनं सिलिकॉन उकललं असेल तर ते कटरने पूर्ण काढून टाका. नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही, आणि सिलिकॉनवर रंगही बसत नाही. सांधा रंगवायचा असेल तर अॅक्रिलिक सीलंट घ्या. सांधा कोरडाच हवा, म्हणून हे काम पावसाच्या आधीचं.

एकंदरीत कोणतं काम कधी, हे ऋतूवर ठरतं. वर्षातून दोन फेऱ्या ठेवा. पावसाळी किंवा बर्फाळ हंगामाच्या आधीची फेरी घराबाहेरची: गच्ची, पन्हळी, पावसाच्या पाईपच्या जाळ्या, बाहेरच्या भेगा, खिडक्या, ग्रिलचा गंज. तो हंगाम संपल्यानंतरची फेरी आतली: भिंती, कपाटं, गाद्या, माळा. आपण सहसा फक्त दुसरी करतो. गच्चीवर बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडेच वाहतं ना, ते बघा. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी छतावर पाणी साचून राहत असेल तर उतार बिघडलाय किंवा तोंड बुजलंय. गंजलेली ग्रिल तारेच्या ब्रशने चकाकी येईपर्यंत घासा, पुसा, त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारा आणि मग रंग. घासून रात्रभर उघडी ठेवली तर सकाळी तिच्यावर पुन्हा गंजाची पुटं येतात. घर फार जुनं असेल तर मूळ रंगात शिसं असण्याची शक्यता धरा आणि असा रंग कोरडा घासून त्याची भुकटी उडवू नका, विशेषतः घरात लहान मूल असताना.

दारांच्या बाबतीत मात्र थांबा. पावसाळी हवेत लाकूड फुगतं, दार चौकटीला घासतं, आणि आपण सुताराला बोलावून रंधा मारून घेतो. हवा कोरडी झाली की तेच दार आकसतं आणि फट पडते. दार खरंच अडकून पडत नसेल तर कोरडा हंगाम येऊ द्या. मग दाराच्या वरच्या आणि खालच्या कडा बघा. रंगारी तिथे हात फिरवत नाहीत, कारण त्या दिसत नाहीत, आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच. त्या दोन कडांना वॉर्निश किंवा रंगाचे दोन हात दिलेत तर पुढच्या हंगामात दार कमी फुगेल. बिजागरीचा स्क्रू सैल असल्यानेही दार खाली बसतं, म्हणून रंध्याच्या आधी स्क्रूड्रायव्हर.

लाकडाकडे बघतच आहात तर चौकटीच्या तळाशी आणि भिंतीच्या कडेला मातीच्या पेन्सिलएवढ्या नळ्या आहेत का, तेही बघा. ती वाळवीची वाट असते. एक नळी मधेच मोडा आणि काही दिवसांनी बघा. ती परत बांधली गेली असेल तर वाळवी जिवंत आहे. नळी झाडूने साफ करून समाधान मानू नका. वारूळ दुसरीकडे असतं, त्याचा बंदोबस्त कीटकनियंत्रणवाल्यांनीच करायचा.

नळांवरचे पांढरे डाग म्हणजे कठीण पाण्यातले क्षार, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते साबणाने जात नाहीत, आम्लात विरघळतात. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक अॅसिड घाला, फडकं भिजवून नळाभोवती गुंडाळा, वीस-तीस मिनिटांनी काढा, मऊ घासणीने पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. शॉवरचं डोकं काढून त्याच पाण्यात बुडवून ठेवता येतं. क्रोमच्या नळांवर रात्रभर ठेवू नका. काळ्या-सोनेरी मुलाम्याच्या नळांवर तर हे वापरूच नका, तिथे फक्त साबणपाणी. आणि संगमरवरापासून लांब ठेवा. संगमरवर स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे, त्यामुळे डाग विरघळवणारं आम्ल दगडही विरघळवतं आणि त्याची झिलई कायमची जाते. टाईल्समधल्या सांध्यातलं सिमेंटही आम्लाने झिजतं. बाथरूम घासायला मिळणारं कडक अॅसिड मी घरात आणूच देत नाही. एकदा टाईल लखलखीत दिसते, पण सांधे उघडे पडतात, आणि मग पाणी खाली झिरपायला लागतं. डाग बसूच नये असं वाटत असेल तर आंघोळीनंतर रबरी वायपरने भिंत आणि काच ओढून घ्या. क्षार राहतो तो वाळलेल्या पाण्याचा.

द्रव्यांविषयी तुम्ही लिहिलंय की चार-पाच एकदम वापरता. ही एक गोष्ट आजपासूनच थांबवा. कपडे पांढरे करायचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आम्लाच्या टॉयलेट क्लीनरबरोबर मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरबरोबरही सुटतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबर मिसळलं तर क्लोरामाइनचे विषारी वायू होतात. बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं. डोळे चुरचुरले, घसा बसला, उग्र वास आला तर सगळं टाकून बाहेर या, शक्य झालं तर दार-खिडकी उघडा, आणि ते ‘घालवायला’ वरून आणखी काही ओतू नका. श्वासाला त्रास होत असेल तर लगेच डॉक्टर गाठा. एका जागी दोन द्रव्यं लागणारच असतील तर ती वेगवेगळ्या दिवशी, मधे भरपूर पाणी मारून. तुंबलेल्या नळीत टाकायचा कॉस्टिक सोडासुद्धा आम्लाच्या वाटेला जाऊ देऊ नका, उकळून अंगावर उडतो.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायची युक्ती सगळीकडे सांगतात. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हाती खारट पाणी उरतं. सोडा वेगळा वापरा, हलकं घासायला आणि वास घालवायला. व्हिनेगर वेगळं, क्षारासाठी. घरभरासाठी मला एवढंच लागतं: भांड्यांचा सौम्य साबण, सायट्रिक अॅसिड, बेकिंग सोडा आणि गरजेपुरतं ब्लीच. ब्लीच थंड पाण्यात, त्या दिवसापुरतंच कालवा. उष्णतेने आणि उजेडाने त्याचा जोर जातो. ते मळावर मारून उपयोग नाही, मळातच त्याची ताकद संपते. आधी साबणाने धुवा, मग ब्लीच लावा, बाटलीवर लिहिलेली मिनिटं तसंच ओलं राहू द्या आणि मग पुसा. लावलं आणि लगेच पुसलं तर जंतू मरायला वेळच मिळत नाही.

स्वयंपाकघरातल्या चिकट तेलकटपणाला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण यांच्यात अर्धा तास भिजवणं हाच उत्तम उपाय. धुण्याचा सोडा तेलावर जोरकस आहे, पण चिमणीच्या जाळ्या पुष्कळदा अॅल्युमिनियमच्या असतात आणि सोड्याने त्या काळ्या पडतात, झिजतात. जाळ्या साफ ठेवा हे दिसण्यासाठी सांगत नाही. साचलेलं तेल पेट घेतं.

प्रत्यक्ष झाडलोटीचा क्रम तुम्हाला माहीत असेलच: वरून खाली, आतून दाराकडे, आधी कोरडं आणि मग ओलं. यात एक भर घालते. जळमटं आणि पंखे झाडले की निदान तासभर तरी फरशी पुसू नका. बारीक धूळ हवेत तरंगत राहते आणि तुम्ही पुसून वळलात की खाली बसते. मग उद्या पुन्हा धूळ कशी, असं वाटतं. म्हणून सकाळी सगळ्या खोल्यांचं वरचं कोरडं काम, मग जेवण, मग ओलं. पुसायला दोन बादल्या घ्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. मायक्रोफायबरचं फडकं फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुऊ नका, त्याचे धागे बुळबुळीत होतात आणि धूळ धरेनासे होतात. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका. ब्लीचच्या पाण्याने भिजवा, थांबा, मग हातमोज्यांनी उचला.

शिडीवर चढणार असाल तर भिंतीला टेकवलेल्या शिडीचा पाया दर चार फूट उंचीमागे भिंतीपासून एक फूट दूर ठेवा, वरच्या तीन पायऱ्यांवर उभं राहू नका आणि बाजूला झुकून हात लांबवू नका. खाली उतरून शिडी सरकवा. घरातल्या वयस्कर माणसांना पंख्यासाठी खुर्चीवर चढू देऊ नका. साफसफाईच्या दिवसांत पडून अपघात होतात.

यंत्रांचं झटपट सांगते. फ्रिजच्या दारात कागदाचा तुकडा धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाला तर रबर गेलंय किंवा चिकट झालंय. आधी साबणपाण्याने पुसून बघा. मागची जाळी प्लग काढून ब्रशने झाडा. आतलं तापमान ४ अंशांच्या आसपास आणि फ्रीजरचं उणे १८ असावं. वॉशिंग मशीनच्या दाराच्या रबराची घडी उलगडून आतला काळा मळ पुसा, खालचा फिल्टर काढून धुवा, रिकामी मशीन ६० अंशांवर किंवा त्याहून गरम पाण्यात एकदा फिरवा, आणि एरवी दार उघडं ठेवा. एसीची जाळी वापराच्या दिवसांत महिन्यातून एकदा तरी धुवा आणि पाणी बाहेर नेणारी नळी वाहतेय ना ते बघा. भिंतीच्या ओलीचं कारण कधीकधी तीच असते. साठवणीच्या गीझरमध्ये मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, टाकीऐवजी तो गंजावा म्हणून. तो संपला की टाकी गंजायला लागते. सर्व्हिसवाल्याला तो काढून दाखवायला सांगा. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमच्या जाळीत दर पंधरवड्याला मगभर पाणी ओता. खालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळीतलं, पाणी आटलं की गटाराचा वास आणि झुरळं तिथूनच वर येतात. लोक यावर सुगंधी फवारे मारत बसतात.

वीज आणि आग यांची तपासणी याच दिवसांत उरका. मेन बोर्डावरच्या आरसीसीबीला ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. ते दाबल्यावर वीज जायला हवी. गेली नाही तर इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा, कारण शॉक लागल्यावर वीज तोडणारं तेच एक यंत्र आहे. धुराचा अलार्म असेल तर त्याचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. दहा वर्षांनी तो बदलायचाच असतो. गॅसच्या नळीवरची मुदत वाचा आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीच तपासू नका.

लोकरी आणि रेशमी कपडे ठेवताना धुऊनच ठेवा, स्वच्छ दिसत असले तरी. कसरीच्या अळ्या घामाचे आणि अन्नाचे डाग लागलेलं कापड आधी खातात. शंका असेल तो कपडा पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी-अळ्या मरतात. डांबरगोळ्या तान्ह्या बाळाच्या कपड्यांत मुळीच नकोत. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तपेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनने फुटू शकतात, आणि ती कमतरता आहे हे बहुतेक आईवडिलांना माहीतही नसतं.

राहिलं काय वगळायचं ते. सगळ्या भिंती दरवर्षी धुण्याची गरज नाही. स्विचभोवतीचे आणि हात लागणारे पट्टे पुसले की झालं. प्रत्येक पडदा प्रत्येक ऋतूत धुवायला नको, झटकून किंवा व्हॅक्यूम करून भागतं. स्वयंपाकघराजवळचे मात्र धुवा. फर्निचरला वरचेवर पॉलिश नको, एकावर एक थर बसून ते चिकट होतं आणि धूळ धरतं. तुंबलेली नसताना नळीत रसायन ओतू नका. घरात कोणी आजारी नसेल तर जमिनीला जंतुनाशकाचीही गरज नाही, साबणपाणी पुरे. माळ्यावरच्या ज्या खोक्याला गेल्या दोन फेऱ्यांत कोणी हात लावला नाही, ते फक्त पुसून पुन्हा वर चढवू नका, उघडून बघा. पुठ्ठ्याची खोकी दमट जागी ठेवू नका, झुरळं आणि वाळवी दोघांनाही ती आवडतात. आणि हे सगळं एका आठवड्यात बसवायचा अट्टहास सोडा. पाहणी आणि बाहेरचं काम एका शनिवार-रविवारी, पुढे आठवड्याला एक खोली, असं केलंत तरी हंगाम बदलायच्या आत घर होतं आणि भिंती वाळायलाही मधे वेळ मिळतो.